दादू मिस्त्रींची माशी

दादू मिस्त्रींनी कापलेला स्टिकर ओळखायचा असेल तर कोपरा बघायचा. एवढंच एक वाक्य मी एकदा नको त्या ठिकाणी बोललो, आणि त्यांचं खोकं गेलं. मिस्त्रींना जाऊन आता वर्ष होत आलं. ज्यांना हे कळायला हवं होतं त्यांना तोंडानं सांगून झालंय. कागदावर उतरवायचं राहिलं होतं. मी जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज आणि नोटिसा लिहिल्या. स्वतःचं असं काही लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा जमेल तसं लिहितो.

मी कोल्हापुरात जकात नाक्यावर कारकून होतो. शहरात शिरणारा प्रत्येक ट्रक नाक्यावर थांबायचा, ड्रायव्हर पावतीसाठी उतरायचा, आणि तेवढ्या वेळात रस्त्यापलीकडच्या हिरव्या पत्र्याच्या खोक्यात शिरायचा. खोक्यावर नुसतं 'दादू रेडियम' असं लिहिलेलं. गाड्यांवर चिकटवायचा चकाकता रंगीत कागद, त्याला आमच्याकडे रेडियम म्हणतात. त्यातून मिस्त्री नावं कापायचे, देव कापायचे, वाघ, घोडे, पोराबाळांची नावं, 'पुन्हा भेटू' आणि असलंच काय काय.

मिस्त्री अंगानं वाळकुडे, डोक्यावर मळकी टोपी, चष्म्याच्या एका काडीला काळी चिकटपट्टी. ब्लेडचा अर्धा तुकडा दोन बोटांत विडीसारखा धरायचे. पट्टी नाही, पेन्सिल नाही. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला : "कुठं लावणार?" ड्रायव्हर म्हणायचा, "तुमाला काय करायचंय मिस्त्री, कापा की." त्यावर ते ब्लेड खाली ठेवायचे. "पत्र्यावर लावणार का काचंवर, उन्हात का सावलीत, ते कळल्याबिगर कापू कसं? तुमी शिंप्याकडं जाऊन म्हंता का, कुणाचं अंग हाय ते इचारू नको म्हणून?"

चिकटवायला औषधाच्या जुन्या बाटलीत साबणाचं पाणी. आणि शेवटी अंगठा. सगळं झालं की ते उजवा अंगठा स्टिकरवर दाबून धरायचे, मनातल्या मनात काहीतरी मोजल्यासारखे. मग अंगठा काढायचे नि म्हणायचे, "हां. आता ह्यो गाडीचा झाला."

एकदा मी चहा पीत बसलो असताना जयसिंगपूरचा एक विक्रेता त्यांना कॉम्प्युटरवर चालणारं कापायचं मशीन दाखवायला आला. मोबाइलवर व्हिडिओ लावला. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर ढकलून तो दोनदा बघितला.

"कोपऱ्यावर थांबतंय का हे?"

"थांबंल कशाला? सरळ वळतंय."

"मग नगं."

विक्रेता गेल्यावर मी विचारलं, कोपऱ्याचं काय एवढं? तेव्हा त्यांनी हुपरीची गोष्ट सांगितली. मिस्त्री मूळचे हुपरीचे. घरात चांदीच्या पैंजणांचं काम. लहानपणी त्यांच्याकडे एकच काम असायचं : तयार पैंजण हातात घेऊन प्रत्येक कडी कानशीनं घासायची, कुठं टोक राहिलं असेल तर गोल करायचं. त्यांची आई तपासायला पैंजण स्वतःच्या गालावरून फिरवायची. कुठं टोचलं की पैंजण परत. "तवापास्नं हाताला सवयच लागली बघा. टोक दिसलं की हात आपसूक वळतोय. आणि रेडियमचं बी तसंच हाय सायेब. टोकदार कोपरा आधी उचलतोय. तिथनं धूळ शिरती, पाणी शिरतंय, आणि सगळं चित्र सुटून येतंय."

म्हणून त्यांनी कापलेल्या वाघाची नखंसुद्धा किंचित गोल असायची. सहज बघणाऱ्याच्या लक्षात यायचं नाही. माझ्या यायचं. ते आपल्याला कळतं याचा मला मोठा अभिमान होता. पुढं जे झालं ते त्या अभिमानापायीच.

पुढं जकात बंद झाली. मला महापालिकेच्याच एका विभागीय कार्यालयात टेबल मिळालं, नाका ओस पडला. ट्रक न थांबता भरधाव जायला लागले. मिस्त्रींचं खोकं तिथंच राहिलं, दिवसाला एखादी नंबरप्लेट. मी घरी जाताना कधीमधी थांबायचो. ते रिकाम्या नाक्याकडं बघत बसलेले असायचे.

त्या नाक्यावर एक दिवस पोरं आली. ट्रक उभे करायला केलेलं गुळगुळीत काँक्रीट, पायऱ्या, मधे लोखंडी कठडा. स्केटबोर्डवाल्यांना जे लागतं ते सगळं तिथं आयतं होतं. दहाबारा जण असतील. त्यांची पुढारी तन्वी. जयसिंगपूरच्या व्यापाऱ्याची मुलगी, इथं इंजिनिअरिंगला. अर्धं डोकं भादरलेलं, गुडघ्याला खरचटलेलं, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडून हाक मारली तरी ट्रकच्या हॉर्नवर ऐकू यावी.

ती खोक्यात आली आणि म्हणाली, "काका, आमच्या बँडचे स्टिकर करून देणार का?"

"कसला बँड? लग्नातला?"

"पंक. आरडाओरड्याचं गाणं असतंय. मी ड्रम वाजवते."

"नाव काय?"

"खरकटं."

मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "अगं पोरी, दुसरं नाव मिळालं न्हाय व्हय? आईबाप हायत न्हवं घरात?"

"हायत की. त्यांना नाव सांगितलंच न्हाई."

मिस्त्री हसले. मग ठरलेला प्रश्न. "कुठं लावणार?"

तिनं आपला चाकांचा बोर्ड उलटा करून खोक्याच्या फळीवर ठेवला. खालची सगळी बाजू स्टिकरनी भरलेली. पुण्याचा कुठला बँड, बेंगळुरूचा, शिलाँगचा, एक तर समुद्रापलीकडून कुणाच्या तरी खिशातून आलेला. पण मधला पट्टा पार खरवडलेला, चित्रांची चामडी निघालेली. मिस्त्रींना ते बघवेना. बोटानं एकेक ओरखडा चाचपत म्हणाले, "कुणीतरी जीव लावून केलंय हे. आणि तुमी घासून टाकता?"

"काका, घासायलाच लावायचं असतंय. कठड्यावरनं बोर्ड घसरवला की खालची बाजू घासती. ज्याचे स्टिकर नवेकोरे, त्यानं बोर्ड नुसता काखेत धरून फिरवला."

मग तिनं सगळं समजावलं. असल्या बँडला रेडिओवर कुणी लावत नाही, त्यांचं पोस्टर कुणी छापत नाही. तेव्हा त्यांचं नाव फिरतं ते या बोर्डांच्या पोटावरून. हे स्टिकर विकत घ्यायचे नसतात. कार्यक्रमाला गेलात, कुणाच्या घरी मुक्काम केलात, कुणाला पडताना सावरलंत, तर मिळतात. अनोळखी गावात गेलं तरी बोर्ड उलटा केला की तिथलं कोणीतरी ओळख देतं.

मिस्त्रींनी खरवडलेल्या पट्ट्यावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "पैंजण बी वापरलं की आतनं घासतंय. नवं पैंजण कुणी घातलेलंच नसतंय." आणि ब्लेड उचललं.

खरकटं म्हटल्यावर त्यांना जे सुचायचं ते सुचलं : माशी. दोन बोटांएवढी, काळी, पंखांच्या शिरांसकट, सहा पाय. प्रत्येक पायाचं टोक मोहरीच्या अर्ध्याएवढं, आणि तेही गोल केलेलं. तन्वी खोक्यातच नाचली.

मग मिस्त्रींनी आपला एक कायदा काढला. माश्या ते कापून डब्यात ठेवायचे, पण मागणाऱ्याला द्यायचे नाहीत. खोक्याच्या दारात बसून नाक्याकडं बघत राहायचे. एखादं पोरगं कठड्यावरून आपटलं आणि धूळ झटकून परत बोर्डवर उभं राहिलं, की बसल्या जागेवरून ओरडायचे, "ये रं, घेऊन जा!" पडल्याशिवाय माशी न्हाय, आणि नुसतं पडून भागायचं न्हाय, उठलं पाहिजे. एक पोरगं मुद्दाम पडलं, तर त्याला म्हणाले, "ह्येला नाटकात घ्या. हितं न्हाय चालायचा." शाहूवाडीकडचं एक लाजरंबुजरं पोरगं महिनाभर पडतच होतं, त्याला माशी मिळाली त्या दिवशी सगळ्यांनी बोर्ड जमिनीवर आपटून टाळ्यांसारखा आवाज केला.

तन्वीला त्यांनी आणखी एक अट घातली होती. "दुसऱ्याच्या पाटीवर लावायची न्हाय. पाटी रंगवणाऱ्याचा हात असतोय त्यात." ही अट माझ्यासमोर घातली होती. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

एका रविवारी दुपारी त्यांच्या बँडचा कार्यक्रम होता, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या गोदामावरच्या हॉलमध्ये. मिस्त्री मला ओढून घेऊन गेले. धुतलेली टोपी, कानात कापूस. पुढच्या रांगेत एकच खुर्ची होती, पोरांनी तिच्यावर त्यांना बसवलं आणि बाकी सगळी उभी राहून एकमेकांवर आदळत होती. तन्वी ड्रम असा बडवत होती की वरच्या पत्र्याची धूळ खाली येत होती. गाणं वसतिगृहाच्या मेसवर होतं एवढंच मला कळलं. बाहेर आल्यावर मिस्त्रींनी कापूस काढला, गोळा करून खिशात ठेवला नि म्हणाले, "आवाज लई हाय. पण खोटं काय न्हाय त्यात."

आता ते सांगतो, ज्यासाठी हे लिहायला घेतलं.

माश्या वाढल्या. पोरांपैकी कुणीतरी अट मोडली, आणि माशी दिशादर्शक फलकांवर बसायला लागली, बागेच्या पाटीवर, बसथांब्यावर. तक्रार आली. आमच्या साहेबांनी फलकावरून खरवडून आणलेली एक माशी टेबलावर ठेवली आणि आम्हा सहासात जणांना विचारलं, हे कोण करतंय? कुणी म्हणालं कॉलेजची पोरं, कुणी म्हणालं छापखान्यात चौकशी करू.

मला कुणी वेगळं विचारलं नव्हतं. गप्प बसायची तर माझी जन्माची सवय. पण त्या दिवशी सगळ्यांना जे माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. मी पुढं होऊन माशी उचलली, उजेडात धरली आणि म्हणालो, "साहेब, हे छापलेलं नाही. हातानं कापलंय. पायांची टोकं बघा, गोल केलीत. असा कोपरा अख्ख्या कोल्हापुरात एकच माणूस काढतो."

साहेब म्हणाले, "वा! तुमची नजर आहे हो."

मला बरं वाटलं. आज सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते, की त्या क्षणी मला बरं वाटलं होतं. पुढचा प्रश्न 'कोण?' हा होता, आणि तोवर मागं यायला वाट नव्हती. म्हणजे होती, पण मी शोधली नाही. खोकं रस्त्याच्या कडेला, परवानगी जुनी. अतिक्रमणाची नोटीस निघाली. तिचा मसुदा करायचं काम माझ्याकडेच आलं, कारण माझं मराठी बरं आहे. मी बरा मसुदा केला.

खोकं उचललं त्या दुपारी मी पोट दुखतंय म्हणून रजेवर होतो. ऐकलं ते असं : मिस्त्रींनी वाद घातला नाही. ब्लेडचा डबा आणि साबणाच्या पाण्याची बाटली तेवढी काढून घेतली, आणि क्रेनवाल्याला म्हणाले, "मागल्या बाजूनं धर, पत्रा कुजलाय तिथं." मग हुपरीला भावाच्या घरी निघून गेले.

चारपाच दिवसांनी तन्वी आमच्या कार्यालयात आली. माझ्याच टेबलापुढं. अर्ज आणला होता : फलकांवर स्टिकर आम्ही लावले, काकांचा दोष नाही, दंड आम्हाला करा. डोळे सुजलेले. "काका, तुम्ही ओळखता की त्यांना. सांगा ना साहेबांना. आमच्यामुळं झालं हे सगळं. मी त्यांना कधी तोंड दाखवू शकत न्हाई आता." मी अर्ज घेतला, शिक्का मारला, पोच दिली. "बघू," म्हणालो. एवढंच.

नाक्यावर येणं पोरांनी बंद केलं. बँडही थांबला म्हणून कळलं. एकोणीस वर्षांची मुलगी माझं ओझं स्वतःचं समजून वाहत होती, आणि मी रोज त्या रस्त्यानं घरी जात होतो. चार महिने गेलो. नाक्याच्या कठड्यावर गंज चढायला लागला होता. त्याच्यावरून रोज बोर्ड घसरायचे तेव्हा तो चांदीसारखा चमकायचा.

शेवटी एका सकाळी हुपरीच्या बसमध्ये बसलो. मिस्त्री भावाच्या घरी ओसरीवर कानस घेऊन बसले होते, मांडीवर पैंजणांचा ढीग. मला बघून म्हणाले, "या सायेब. पाणी घ्या." मी पाणी घेतलं नाही. उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, वाक्यं उलटसुलट झाली असतील. त्यांनी कानस थांबवली नाही.

"ठावं हाय मला," ते म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"तुमीच की. नोटिशीत." ते उठले, घडी घातलेली नोटीस घेऊन आले आणि माझ्यापुढं धरली. मीच लिहिलेली ओळ : 'हाताने कापलेले, टोके गोलाकार केलेले स्टिकर.' "कोपऱ्याचं मी एकट्या तुमालाच सांगितलतं. तुमच्या हाफिसात दुसऱ्या कुणाला ठावं असणार? नोटीस वाचली आणि म्हटलं, सायबांनी आपलं काम ध्यानात ठिवलंय म्हणायचं."

त्यात टोमणा होता की नव्हता, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी म्हणालो, "मिस्त्री, मला माफ करा."

"माझं सोडा. म्या हितं ह्यो बसलोय, हाताला काम हाय. त्या पोरीला सांगितलं का?"

मी मानेनंच नाही म्हटलं.

"मग हितं कशाला आलाय? बस कोल्हापुरास्नं निघालती, उतरायचं तिथंच हुतं." आता मात्र त्यांनी कानस खाली ठेवली होती. "तिला वाटतंय तिनं माझं खोकं घालवलं. ते तिच्या मनातनं काढा. ऐतवारी पोरास्नी नाक्यावर बोलवा. म्या बी येतो."

त्या रविवारी सकाळी सगळी आली. मिस्त्रींना बघून पोरं धावली. तन्वी मात्र लांबच उभी. मिस्त्री पायरीवर बसले, डबा मांडीवर. मी सगळ्यांसमोर सांगितलं. नाव मी सांगितलं, नोटीस मी लिहिली, आणि तुझा अर्ज समोर असताना मी गप्प बसलो. एवढं सलग मी बायकोशीही कधी बोललो नव्हतो.

तन्वीचा चेहरा आधी कोरा झाला. मग लाल. "चार महिने, काका," ती म्हणाली. "चार महिने मी रडतीय. आणि तुम्ही शिक्का मारला!" ती आणखीही बरंच बोलली, ते मला मिळायलाच हवं होतं. ऐकून घेतलं. मधेच तिचा आवाज फुटला आणि ती मिस्त्रींच्या शेजारी पायरीवर जाऊन बसली. त्यांनी तिच्या डोक्यावर, भादरलेल्या बाजूला, हात ठेवला.

शाहूवाडीचं पोरगं हळूच म्हणालं, "मिस्त्रीकाका, हे सायेब पडले की आत्ता. माशी देणार?"

हशा पिकला. तन्वीही हसली, नाक पुसत. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "पडले. पण उठले कुठं अजून?"

"बरोबर हाय," मिस्त्री म्हणाले. "उठायचं ऱ्हायलंय."

उठायचं कसं ते तन्वीनंच ठरवलं. नाक्याची जागा रविवारी सकाळी सरावाला मिळावी असा अर्ज मी लिहायचा. मी लिहिला. आजवर केलेल्या मसुद्यांत तो सगळ्यात चांगला असेल. सोबत एक स्वतंत्र निवेदन माझ्या सहीनं जोडलं : फलकांवर स्टिकर लावण्यास मिस्त्रींनी माझ्यासमक्ष मनाई केली होती, हे मी तेव्हा सांगितलं नाही. साहेबांनी ते वाचून चष्मा काढला. माझं टेबल महिनाभरात जुन्या नोंदींच्या खोलीत गेलं. तिथं खिडकी बरी आहे. खोकं काही परत मिळालं नाही. रविवार मात्र मिळाला.

पोरांनी फलक स्वतः घासून साफ केले. बँड पुन्हा सुरू झाला. मिस्त्री दर रविवारी पहिल्या बसनं यायचे, पायरीवर बसायचे, माश्या कापायचे, आणि तन्वीला ब्लेड धरायला शिकवायचे. ती घाई करायची. "कोपरा आला की श्वास थांबीव," ते म्हणायचे, "ड्रमवर कुठं थांबायचं ते कळतंय न्हवं तुला?" आता ते नाहीत, तर माश्या तीच कापते. मी बघितल्यात. टोकं गोल आहेत.

शेवटी सांगायचं ते परवानगीचं पत्र हातात पडलं त्या रविवारचं. मिस्त्रींची प्रकृती तेव्हाच उतरलेली, पण आले होते. तन्वीनं पत्र मोठ्यानं वाचलं, पोरांनी बोर्ड आपटले. दुपारी त्यांना बसपर्यंत सोडायला मी गेलो. पिशवी मी घेतली होती. बस लागल्यावर त्यांनी डबा उघडला आणि एक माशी माझ्या तळहातावर ठेवली.

"घ्या. उठला न्हवं."

मी सवयीनं पाय बघितले. पाच गोल होते. सहाव्याचं टोक तसंच सोडलेलं, सुईसारखं.

"मिस्त्री, हा एक राहिला."

"ऱ्हायला न्हाय. ठिवलाय."

"उचलेल की हा."

"उचलंल. दाबत ऱ्हावा."

ते बसमध्ये चढले. खिडकीशी बसले. मी खाली उभा राहून चष्म्याच्या डबीवर माशी लावायला बघत होतो, पण सहावा पाय नीट बसेना. बस हलली. वर बघितलं, तर मिस्त्री माझ्या हाताकडंच बघत होते. त्यांनी उजवा अंगठा खिडकीच्या काचेवर टेकवला, हा असा धरायचा म्हणून, आणि बस वळणाआड जाईपर्यंत तो तिथून काढला नाही.